थांबले की थांबणारे दुखणे

धावण्याच्या सरावात मध्येच थांबणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात. कोणाला धाप लागते, कोणाच्या कुशीत चमक भरते, कोणाला नुसताच कंटाळा येतो. यांतच क्वचित एखादा असा असतो, की ज्याचा दम शाबूत असतो, पण पोटरी आखडते. दोन-तीन मिनिटे तो उभा राहतो, दुखणे पार निघून जाते, तो पुन्हा धावू लागतो आणि जवळजवळ तेवढ्याच अंतरावर पुन्हा थांबतो. पाहणाऱ्याला हे ढोंग वाटते. आत्ता लंगडत होता आणि आता चांगला चालतो आहे! पाय पाहावा तर सूज नाही, लाली नाही, दाबले तरी कुठे दुखत नाही. डॉक्टरांकडे न्यावे तर तेथे पोहोचेपर्यंत दुखणे केव्हाच गेलेले असते.

आपण या दुखण्याचा माग काढू. त्याचे एक कारण गुडघ्याच्या मागच्या बाजूला, एका अरुंद वाटेत दडलेले असते. ते दुर्मीळ आहे हे खरे. पण ते वेळेवर ओळखले तर इलाज तुलनेने सोपा असतो, आणि दुर्लक्ष झाले तर पायावर बेतू शकते. शिवाय ते समजून घेताना शाळेतले बरेचसे विज्ञान कामाला येते.

उदाहरणासाठी आपण वाणगावला जाऊ. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामध्ये हे स्टेशन लागते. भाताचा आणि मिरचीचा हा मुलूख. महाराष्ट्रात इतरत्र दिसतात तशीच येथेही पहाटेच्या वेळी भरतीची तयारी करणारी मुले-मुली रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि गुण घड्याळावर ठरतात. काही सेकंदांवर घरातली पहिली सरकारी नोकरी अवलंबून असू शकते. समजा, येथला बारावीतला एक मुलगा दर वेळी हजार मीटरच्या आसपास पोटरी धरून थांबतो. त्याला काय सल्ला मिळेल? मीठ-साखरेचे पाणी पी, केळी खा, पोटरीचे व्यायाम वाढव, सराव वाढव. पहिले दोन निरुपद्रवी आहेत. पुढच्या दोन सल्ल्यांनी मात्र त्याचे दुखणे वाढण्याची शक्यता आहे. असे का, हे कळण्यासाठी आधी स्नायूचा हिशेब पाहू.

मागणी आणि पुरवठा

विश्रांतीत १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला साधारण ३ ते ४ मिलिलिटर रक्त पुरते. जोरात धावताना त्याच स्नायूची गरज पंधरा-वीस पटींनी, कधी त्याहूनही अधिक वाढते. हृदय स्थिर बसलेल्या माणसात मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. व्यायामात हा आकडा २० लिटरच्या घरात जातो आणि त्यातला मोठा वाटा काम करणाऱ्या स्नायूंकडे वळवला जातो. त्यासाठी स्नायूंतल्या बारीक धमन्या रुंदावतात. थोडक्यात, पाटाचे पाणी ज्या वाफ्याला हवे तिकडे वळवावे तसेच हे आहे.

आता मुख्य पाटच कुठे तरी चिंबला असेल तर? फ्रेंच डॉक्टर प्वाझय याने १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांतून द्रव वाहवून एक नियम शोधून काढला. नळीतून वाहणारा द्रव नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली, की प्रवाह निम्मा किंवा पाव होत नाही, तर सोळावा हिस्सा होतो. धमनी काही काचेची नळी नव्हे आणि रक्त काही साधे पाणी नव्हे, त्यामुळे हा नियम जसाच्या तसा शरीराला लागू पडत नाही. पण थोड्याशा आकसण्याने फार मोठा फरक पडतो एवढे त्यावरून नक्की कळते.

मग धमनी आकसलेला माणूस बसल्या जागीही का कळवळत नाही? कारण अडथळ्याच्या पुढच्या बारीक वाहिन्या आधीच रुंदावून तूट भरून काढतात. विश्रांतीची गरजच इतकी कमी, की ती भागते. धावताना मात्र रुंदावण्याची सगळी शिल्लक संपते, मागणी वाढतच जाते, आणि ठराविक श्रमानंतर हिशेब तुटीत जातो. त्या क्षणापासून स्नायूत ऑक्सिजन अपुरा पडतो, आम्लता वाढते, पोटॅशियम आणि ॲडेनोसिनसारखे पदार्थ साठतात आणि वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंना चेतवतात. सगळा दोष एकट्या लॅक्टिक आम्लावर टाकण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे. थांबल्यावर मागणी घटते, साठलेले पदार्थ वाहून जातात आणि दोन-चार मिनिटांत दुखणे मावळते. अंतर दर वेळी जवळजवळ तेवढेच का, याचेही उत्तर येथेच मिळते. वेग आणि चढ तोच असेल तर हिशेब त्याच ठिकाणी तुटीत येणार.

वर्गात याचा अनुभव सहज देता येतो. मुलांना एक हात सरळ वर आणि दुसरा खाली लोंबता ठेवायला सांगा, आणि दोन्ही मुठी एकाच तालात जोराने उघड-मीट करायला लावा. वरचा हात आधी भरून येतो, जड होतो, मग दुखू लागतो. हात खाली आणताच थोड्याच वेळात हलका वाटतो. दोन्ही हातांचे काम सारखेच होते. फरक होता तो रक्ताच्या दाबाचा. मूठ हृदयापेक्षा ५० सेंटिमीटर उंच असेल, तर तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभामुळे दाब सुमारे ३८ मिलिमीटर पाऱ्याने कमी होतो. (हा आकडा पाण्याच्या आणि पाऱ्याच्या घनतेवरून विद्यार्थ्यांनाच काढू द्यावा.) धमनीतला सरासरी दाब ९०-९५ धरला, तर वरच्या मुठीला जेमतेम ५५ उरतो. हात दोरीने किंवा पट्ट्याने आवळून मात्र हा प्रयोग कोणी करू नये. वर उचललेला हात पुरेसा बोलका असतो.

या प्रकारच्या लंगडण्याची पहिली नीट नोंद माणसात नव्हे, तर घोड्यात झाली हे वाचून गंमत वाटेल. पॅरिसमध्ये बुले नावाच्या पशुवैद्याने १८३१ मध्ये गाडीच्या घोड्याचे असे दुखणे वर्णन केले. घोडा चांगला निघे, थोड्या वेळाने मागच्या पायांनी लंगडू लागे, थांबवला की बरा होई. त्याच्या मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमन्या बंद झालेल्या आढळल्या. १८५८ मध्ये शार्को या प्रसिद्ध डॉक्टराने माणसातही हेच घडते हे दाखवले. आजही डॉक्टर या लक्षणाला ‘क्लॉडिकेशन’ म्हणतात, आणि तो शब्द लॅटिनमधल्या लंगडण्याच्या क्रियापदावरून आला आहे.

गुडघ्याची लवण

पोटातून खाली येणारी महाधमनी कमरेशी दुभागते. तिची शाखा जांघेतून मांडीत उतरते, मांडीच्या आतल्या बाजूने जात जात मागे वळते आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात येते. या खळग्याला आपल्याकडे लवण म्हणतात. पाय तेथे लवतो म्हणून लवण. काख, कोपराचा आतला भाग, जांघ, लवण अशा सगळ्या ठिकाणी मोठी धमनी सांधा मिटतो त्याच बाजूने जाते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. ती गुडघ्याच्या पुढून गेली असती, तर प्रत्येक वेळी पाय दुमडताना ताणली गेली असती. (पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत धमनीला रोहिणी म्हणत. आमच्या पिढीच्या तोंडी तोच शब्द अजून येतो.)

लवणीतून खाली निघालेली धमनी पोटरीच्या मोठ्या स्नायूच्या दोन डोक्यांमधून जाते. हा स्नायू मांडीच्या हाडाच्या तळाशी, गुडघ्याच्या वर, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन बाजूंना चिकटलेला असतो. ती दोन्ही मुळे खाली एकत्र येतात, टाचेकडे निमुळती होतात आणि टाचेच्या जाड शिरेने हाडाला जोडली जातात. चवड्यावर उभे राहताना टाच उचलतो तो हाच स्नायू. ग्रीक भाषेवरून घेतलेल्या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘पायाचे पोट’ असा होतो, आणि आपला ‘पोटरी’ हा शब्दही पोटावरूनच आलेला आहे. कणीस बाहेर पडण्याआधी भाताचा दांडा फुगतो तेव्हा शेतकरी भात पोटरीत आला म्हणतात, तेही यामुळेच. दोन दूरच्या भाषांना एकाच आकारावरून एकच उपमा सुचली.

या दोन मुळांच्या मधली वाट म्हणजे जणू दोन भिंतींमधली बोळ. धमनी, तिच्या शेजारची नीला आणि एक मोठी चेता अशा तिघी त्या बोळीतून जातात. बहुतेकांत जागा पुरेशी असते. काहींत नसते, आणि त्याचे मूळ जन्माच्या कितीतरी आधीचे असते. गर्भाच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमारास पाय घडत असताना आतल्या बाजूचे मूळ आपल्या कायमच्या जागेकडे सरकत असते. त्याच सुमारास पायाची आरंभीची धमनी मागे पडून तिच्या जागी नवी वाट तयार होत असते. भिंत सरकते आहे आणि रस्ताही आखला जातो आहे, अशी ही धांदल. वेळ चुकली, तर सरकणारा स्नायू धमनीला आपल्याबरोबर ओढून नेतो आणि ती त्याला वळसा घालून जाते. किंवा स्नायू पुरता सरकतच नाही. किंवा त्याचा एखादा जादा पट्टा धमनीवर आडवा राहतो. कधी खोलवरचा दुसराच स्नायू किंवा तंतूंचा पट्टा तिला दाबतो. डॉक्टरांनी या चुकांचे क्रमांक घालून प्रकार केले आहेत. आपल्याला त्यांची गरज नाही. परिणाम एकच: टाच उचलली, स्नायू आकुंचला, की धमनी चिमटीत सापडते. म्हणून या विकाराला ‘लवणीतील धमनीची अडकण’ म्हणता येईल.

धावताना हे प्रत्येक पावलाला घडते. १६०० मीटरच्या धावेत एकेका पायाची किती पावले पडतात, हे मुलांना मोजायला सांगा. आकडा शेकड्यांत येईल. रोजचा सराव, वर्षाचे महिने असा गुणाकार केला, की एकाच जागी धमनीला किती वेळा चिमटा बसतो याचा अंदाज येतो. सुरुवातीला चिमटा सुटताच धमनी पूर्ववत होते. काही वर्षांनी मात्र तिचे अस्तर जाड होते, भिंत खरबरीत होते, तेथे रक्त गोठते. कधी अडथळ्याच्या पुढे धमनी फुग्यासारखी फुगते, आणि तिच्यातली गुठळी सुटून पावलाकडच्या बारीक वाहिन्यांत अडकते. त्यानंतर दुखणे ‘थांबले की थांबणारे’ राहत नाही.

ऐंशी वर्षांचे अंतर

हे सर्वांत आधी पाहिले ते एका विद्यार्थ्याने. १८७९ मध्ये एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या अँडरसन स्टुअर्ट याच्यासमोर ६४ वर्षांच्या एका गृहस्थाचा कापलेला पाय विच्छेदनासाठी आला. पाय सडल्यामुळे तो कापावा लागला होता. स्टुअर्टला दिसले, की लवणीतली धमनी नेहमीच्या वाटेने न जाता पोटरीच्या आतल्या मुळाला वळसा घालून त्याच्या खालून गेली आहे. त्याने जे दिसले ते चित्रासह लिहून ठेवले. हाच स्टुअर्ट पुढे ऑस्ट्रेलियात सिडनीला गेला आणि तेथले वैद्यकीय महाविद्यालय त्याने उभे केले.

त्या नोंदीचा एका जिवंत माणसाला उपयोग होण्यास ऐंशी वर्षे लागली. १९५९ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन येथील हामिंग या शल्यचिकित्सकाने एका बारा वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. चालताना मुलाची पोटरी दुखत असे. शस्त्रक्रियेत तोच वळसा सापडला. हामिंगने स्नायूचे मूळ सोडवले, धमनीतला अडथळा काढला आणि मुलगा चालू लागला. बारा वर्षांचा, म्हणजे आपल्या सहावी-सातवीतला! १९६५ मध्ये लव्ह आणि व्हेलन या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी या विकाराला आजचे नाव दिले.

हे किती जणांत असते? १९८१ मध्ये ग्रीसमधून एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. वीस हजार सैनिकांपैकी ३३ जणांत ही अडकण सापडली, काहींच्या दोन्ही पायांत. हजारी दोघांहूनही कमी. पण हे सैनिक होते, म्हणजे तरुण आणि भरपूर कवायत करणारे. नेमक्या याच वर्गात हा विकार उघड होतो. रुग्णांतले बहुतेक तिशीच्या आतले, त्यांतही पुरुष अधिक. तेव्हा सगळ्या शाळेत असा मुलगा शोधत बसण्यात अर्थ नाही. भरतीच्या सरावात असलेल्या, लांब अंतर धावणाऱ्या किंवा फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडे मात्र या नजरेने पाहावे.

पावलातली नाडी

शरीरविज्ञानाच्या तासाला आपण मनगटाची नाडी मोजायला शिकवतो आणि तेथेच थांबतो. पायाची नाडी शोधणे अधिक मजेचे आहे. पायाचा अंगठा वर उचलला, की पावलाच्या वरच्या भागावर एक ताठ शीर उभी राहते. (ही रक्ताची शीर नव्हे, स्नायूची दोरी.) ती ओळखून अंगठा सैल सोडावा आणि त्या दोरीच्या बाहेरच्या अंगाला, पावलाच्या साधारण मध्यावर, दोन-तीन बोटे हलकेच ठेवावीत. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाचेची जाड शीर यांच्या मधोमध मिळते. अंगठ्याने पाहू नये, कारण अंगठ्यातलीच नाडी फसवते. जोरात दाबले तर नाडी दबून जाते. काही निरोगी माणसांत पावलावरची नाडी जन्मतःच हाताला लागत नाही, म्हणून एखाद्या मुलाला ती सापडली नाही तर वर्गात घबराट होऊ देऊ नये.

आता आपल्या वाणगावच्या मुलाकडे येऊ. बसलेला असताना त्याच्या दोन्ही पायांची नाडी स्वच्छ लागते. दवाखान्यात टेबलावर झोपवून तपासले तरी तेच. विश्रांतीत धमनी मोकळीच असते, त्यामुळे तपासणारा निर्धास्त होतो आणि मुलगा खोटा ठरतो. म्हणून डॉक्टर नाडी धरून ठेवतात आणि त्याला गुडघा सरळ ठेवून पाऊल जोराने खाली दाबायला किंवा वर ओढायला लावतात. अडकण असेल तर त्या वेळी नाडी क्षीण होते किंवा बंद पडते.

येथेच एक मोठा खड्डा आहे. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा निरोगी लोकांची अशी तपासणी केली, तेव्हा काही पाहण्यांत त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जणांत पाऊल जोराने दाबताना धमनी दबलेली आढळली! म्हणजे नाडी गेली म्हणून विकार आहे असे होत नाही. वर्गातल्या मुलांवर हा प्रयोग करून कोणाला रोगी ठरवणे हा निव्वळ अन्याय होईल. शिवाय पाऊल हलवताना स्नायूची दोरी बोटाखाली सरकते आणि नाडी असूनही लागत नाही. चाचणी होकारार्थी येणे आणि रोग असणे यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही. लक्षण आणि चाचणी दोन्ही जुळली, तरच पुढे जायचे.

या निरीक्षणातून आणखी एक गोष्ट पुढे आली. काही खेळाडूंत जन्मजात चूक काहीच नसते. स्नायू आणि धमनी आपापल्या जागी असतात. पण भरपूर व्यायामाने पोटरी एवढी भरते, की आकुंचताना ती मधल्या बोळीतली धमनी दाबते. याला कार्यात्मक अडकण म्हणतात. आपल्या मुलाला दिलेला ‘पोटरीचे व्यायाम वाढव’ हा सल्ला उलटा का पडू शकतो, ते आता ध्यानात येईल. भिंती जाड केल्याने बोळ रुंद होत नाही.

खरी तपासणी होते ती ध्वनीने. वाणगावच्या फलाटावर उभे राहून न थांबता जाणारी एखादी जलद गाडी ऐकली, तर येताना भोंग्याचा सूर चढा आणि पुढे जाताना उतरलेला ऐकू येतो. १८४२ मध्ये डॉप्लरने हे गणिताने मांडले, आणि १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट याने आगगाडीवर तुताऱ्या वाजवणारे वादक बसवून त्याची परीक्षा घेतली. येथे गाडीच्या जागी रक्तपेशी असतात. कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरी धमनीत सोडल्या, की धावत्या पेशींवरून परतताना त्यांची कंप्रता बदलते. किती बदलली, यावरून रक्ताचा वेग कळतो. पाऊल वर-खाली करायला लावून रंगीत डॉप्लरच्या पडद्यावर लवणीतली धमनी पाहता येते. घोट्याजवळचा आणि दंडातला रक्तदाब यांचे गुणोत्तरही काढतात. निरोगी माणसात ते १ च्या आसपास किंवा थोडे अधिक असते, ०.९ च्या खाली गेले तर शंका येते. अशा मुलात विश्रांतीत हे गुणोत्तर चांगले येते आणि चालत्या पट्ट्यावर धावल्यानंतर घसरते. म्हणून धावण्याआधी आणि धावल्यानंतर अशी दोनदा मोजणी हवी. अडकण नेमकी कशी आहे हे पाहण्यासाठी शेवटी एमआरआय किंवा सीटी स्कॅन करतात, तेही पाऊल दाबलेल्या स्थितीत.

दुसरी कारणे

पोटरी किंवा नडगी दुखण्याची याहून नेहमीची कारणे पुष्कळ आहेत, आणि ती आधी तपासायला हवीत. नडगीच्या आतल्या कडेवर बोट फिरवताना हातभर लांब पट्टा दुखत असेल, धावण्याच्या सुरुवातीला दुखणे जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर हाडाच्या आवरणावर ताण आला आहे. कडक डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी एकदम सराव वाढवणाऱ्यांत हे नेहमी दिसते. एकाच बिंदूवर दाबल्यावर कळ येते आणि रात्रीही ठणकते, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तेथे धावणे बंदच करावे लागते. लहान मुलांचे रात्री झोपेत पाय दुखतात आणि सकाळी ती उड्या मारतात, त्याचा येथे संबंध नाही.

फसवे साम्य आहे ते आणखी एका विकाराशी. पोटरीतले स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत भरलेले असतात. श्रमाने स्नायू फुगतो, आवरण ताणत नाही, कप्प्यातला दाब वाढतो आणि पाय फुटेल असा भरून येतो. हेही ठराविक अंतरावर सुरू होते. पण थांबल्यावर दोन मिनिटांत जात नाही. बराच वेळ, कधी अर्धा तासही, रेंगाळते. धमनीच्या दुखण्यात पाऊल गार पडते, फिकट होते, मुंग्या येतात. घड्याळ लावून ‘थांबल्यावर किती वेळाने गेले’ एवढे लिहून ठेवले तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते.

पालघरसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात सिकलसेलचा विचार करायलाच हवा. त्यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्या तुंबवतात. हात-पाय, पाठ, छाती असे कुठेही तीव्र दुखू लागते आणि ते विश्रांतीने मिनिटांत जात नाही. उन्हात, पाणी न पिता धावल्यास धोका वाढतो. त्याची रक्ततपासणी साधी आहे आणि ती भरतीच्या सरावाआधीच व्हावी.

धूम्रपान करणाऱ्या, पन्नाशीच्या आतल्या माणसांत पायाच्या धमन्या सुजून बंद होण्याचा एक वेगळाच रोग होतो. न्यूयॉर्कच्या बर्गर या डॉक्टराने १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यावर तंबाखू पूर्ण सोडणे हाच खरा उपाय. बिडी चालू ठेवली तर बोटे आणि मग पाय जातो. उतारवयात धूम्रपान आणि मधुमेह यांमुळे धमन्यांत चरबीचे थर साठून होणारे दुखणे तर सर्वांत जास्त आढळते. गंमत अशी, की त्या आजोबांना डॉक्टर देखरेखीखाली ‘दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला’ असे मुद्दाम सांगतात, कारण त्याने चालण्याची ताकद खरोखरच वाढते. आजोबांचा हा सल्ला नातवाच्या अडकलेल्या धमनीला लावू नये. लक्षण एक असले तरी आजोबांच्या धमनीत आतून थर साठलेले असतात आणि नातवाची धमनी बाहेरून दाबली जाते.

इलाज

धमनीची भिंत शाबूत असताना अडकण सापडली, तर शल्यचिकित्सक दाबणारे स्नायूचे मूळ किंवा पट्टा कापून धमनी मोकळी करतात. पोटरीचे दुसरे मूळ आणि खालचे स्नायू काम सांभाळतात, आणि बहुतेक तरुण काही महिन्यांत पुन्हा धावू लागतात. उशीर होऊन धमनी बंद पडली किंवा फुगली असेल, तर रुग्णाच्याच पायातली नीला काढून पर्यायी वाट जोडावी लागते. ही शस्त्रक्रिया मोठी, जोडलेली वाट पुन्हा बंद पडण्याची भीती कायमची, आणि त्यानंतर पोलीस किंवा सैन्याची नोकरी कठीणच. कार्यात्मक अडकणीत डॉक्टर घाई करत नाहीत. आधी सरावाचा प्रकार बदलून पाहतात, स्नायू सैल करणारी बोट्युलिनमची इंजेक्शनेही वापरून पाहिली गेली आहेत, आणि लक्षणे खरोखर आड येत असतील तरच शस्त्रक्रिया करतात.

वाणगावच्या मुलाला रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञापर्यंत जायचे, तर मुंबईचे एखादे मोठे सार्वजनिक रुग्णालय गाठावे लागण्याची शक्यता अधिक. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जातात, तरी हा शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास आणि घरच्यांच्या एक दिवसाच्या मजुरीचा प्रश्न आहे. तो फुकट जाऊ नये म्हणून शिक्षकांनी मुलाबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तीत रोग कोणता हे लिहू नये. पाहिले तेवढेच लिहावे. किती मीटरवर दुखू लागले, कोणत्या पायात, थांबल्यावर किती मिनिटांनी गेले, त्या वेळी पाऊल गार होते का, दुखत असताना घोट्यामागची नाडी लागली का, तंबाखूची सवय आहे का, सिकलसेलची तपासणी झाली आहे का. निदान तीन वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी तारखांसह असाव्यात. आणि शेवटी एक ओळ ठळक लिहावी: कृपया बसवून आणि धावल्यानंतर असे दोन्ही वेळा तपासावे.